वाइनरी पाहून आलो, आणि आपला कारखाना आठवला



गेल्या पंधरवड्यात गट ऑफिसात एका जुन्या सभासदांनी सगळ्यांदेखत आम्हांला विचारले, "काय साहेब, बायकापोरांना घेऊन दारूच्या कारखान्यावर सहलीला गेला होता म्हणे?" मोठा हशा झाला. आम्हीही हसलो. पण प्रश्न विचारला तो रास्तच होता. उसाच्या अधिकाऱ्याने सहकुटुंब वाइनरी पाहायला जावे, यात काहींना गंमत वाटली, तर काहींना ते मुळीच आवडले नाही. म्हणून जे पाहिले आणि जे मनात आले, ते आडपडदा न ठेवता या अंकात मांडतो. पटेल ते घ्यावे, न पटेल ते ऑफिसात येऊन तोंडावर सांगावे.

मार्चच्या सुरुवातीला गव्हाण थांबली, हंगामाचा पट्टा पडला. चार महिने घरच्यांना आमचे तोंड नीट दिसले नव्हते. सकाळी तोडणी प्रोग्राम, दुपारी मुकादमांची भांडणे, रात्री सभासदांचे फोन. थोरली मुलगी अकरावीला शास्त्र शाखेत आहे. तिला किण्वनाचा धडा होता. ती म्हणाली, "बाबा, नाशिकला वाइनरी आत नेऊन दाखवतात. एक दिवस तरी चला." धाकट्याला फक्त गाडीत बसायचे होते. आमचे वडील आप्पा, वय अठ्ठ्याहत्तर, म्हणाले, "द्राक्षं बघायची असतील तर मी पण येतो."

अडचण होती ती आमच्या सौभाग्यवतींची, आणि ती अडचण साधी नव्हती. त्यांचा पाठचा भाऊ दारूपायी ऐन पस्तिशीत गेला. दोन एकर बागायत गहाण पडली, लेकरे मामाच्या दारात आली. त्या घरात वाइन शब्द काढायचा म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असे झाले असेल त्यालाच कळेल. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, पोरीला शिकायचंय तर जाऊ. पण आपल्यातल्या कुणी थेंबाला शिवायचं नाही." आम्ही शब्द दिला, आणि तो पाळला, हे आधीच सांगून टाकतो.

संगमनेर सोडले, सिन्नरचा घाट ओलांडला आणि नाशकातून गंगापूर धरणाच्या बाजूला वळलो. या भागात आज अनेक वाइनरी आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे असे काही नव्हते. राजीव सामंत यांनी आपल्या आईच्या सुलभा या नावावरून 'सुला' हे नाव घेतले आणि १९९९ साली नाशिकला वाइनरी काढली. त्याही आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावच्या परिसरात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन वाइन केली होती. मग २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे राहिले. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे.

आम्ही त्या दिवशी तीन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी बागेतच गाठ पडली ती एका तरुण शेतकी पदवीधराची. तो पाहुण्यांना माहिती द्यायला नेमलेला होता. आप्पांनी त्याला सोडला नाही. "एकराला माल किती? पाणी किती? छाटणी कवा?" पोरगा हुशार होता. त्याने शांतपणे सांगितले की खाण्याच्या द्राक्षापेक्षा वाइनच्या द्राक्षाचा एकरी माल कमी घेतात, मुद्दाम घडांची विरळणी करतात, म्हणजे राहिलेल्या घडांत साखर आणि स्वाद भरतो. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत काढणी. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि वर्षाला एकदाच छाटला जातो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या. पावसाळ्यात डावणी आणि भुरीची धास्ती नको, म्हणून फळ पावसानंतर धरायचे. शिनन ब्लाँक आणि सोव्हिन्यो ब्लाँक ही पांढरी जात, शिराझ आणि कॅबर्ने ही काळी. आम्ही गेलो तेव्हा काळ्याची शेवटची काढणी चालू होती.

त्याने खिशातून एक नळी काढली, एक मणी त्यावर पिळला आणि धाकट्याच्या डोळ्याला लावली. "वाच, किती दिसतं?" पोराने वाचले, "तेवीस." आम्हांला हसू आले. तीच नळी, तेच हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटर आमच्या मोटारसायकलच्या डिकीत वर्षानुवर्षे पडून असते. उसाच्या कांडीचा रस घालून आम्ही त्याच रेघा वाचतो. पण आमच्या पोराने बापाच्या हातात कधी न पाहिलेली वस्तू परक्याच्या हातात पाहिली. फरक इतकाच, की तिथे त्या रेघेवर काढणीचा दिवस ठरतो. ब्रिक्स भरला नाही तर घड तोडत नाहीत, मग माल कुणाचाही असो. आपल्याकडे ती रेघ वहीत राहते आणि तोड दुसऱ्याच कारणाने होते. यावर पुढे येऊच.

नंतर आत नेले. आधी देठ वेगळे करणारे यंत्र, मग दाब देऊन रस काढणारे. पांढरी वाइन करायची तर सालीपासून रस लगेच वेगळा काढतात. तांबडी करायची तर सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग येतो. मग स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून गार पाणी खेळवलेले. यीस्ट साखर खाते, तिचे अल्कोहोल होते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. बावीस-तेवीस ब्रिक्सच्या रसातून साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोलची वाइन होते. एका बाटलीला किलोभराच्या वर द्राक्षे लागतात. पुढे ओक लाकडाची पिंपे एकावर एक रचलेली. थोरली वही काढून लिहीत होती. द्राक्षे पहाटेच्या गारव्यात तोडतात आणि उन्हे चढायच्या आत गाळायला घेतात, हेही तिने लिहून घेतले.

आप्पा मात्र एका टाकीपाशी उभे राहिले आणि बराच वेळ हलले नाहीत. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "अरे, पन्नास वर्षं ऊस घातला. मोळीपूजनाला गेलो, मांडवात बसून सभा ऐकल्या. पण उसाची साखर कशी होती ते आतमधी जाऊन कुणी दाखवलं नाही. दुसऱ्याच्या कारखान्यात मला आज आत घेतलं."

सभासदहो, आम्ही त्याच कारखान्याचे ऊस विकास अधिकारी आहोत. हे ऐकून काय उत्तर द्यावे ते आम्हांला सुचले नाही.

तिथून चव घेण्याच्या दालनात गेलो. तिथे पुण्या-मुंबईची कुटुंबे होती, म्हातारी माणसेही होती. पेल्यात दोन घोट ओतायचे, रंग पाहायचा, वास घ्यायचा, आणि ज्याला नको त्याने घोट बाजूच्या भांड्यात टाकून द्यायचा. आम्ही नुसता वास घेतला. मुलांना द्राक्षाचा रस मिळाला. सौभाग्यवती दाराशी बाकावर बसून होत्या. माहिती देणाऱ्या मुलीने त्यांना आदराने विचारले, "काकू, काही देऊ का?" त्या म्हणाल्या, "पाणी दे, बाळा." आणि मग त्या मुलीच्या गावाची, शिक्षणाची, पगाराची चौकशी केली. मुलगी निफाडकडची, शेतकऱ्याची. बापाचीच बाग वाइनरीला बांधलेली.

सगळेच गोड होते असे नाही. एका ठिकाणी फाटकावरच्या माणसाने आप्पांच्या धोतर-टोपीकडे पाहून आधी "कुणाला भेटायचंय?" असे विचारले. तिकिटे दाखवल्यावर मग वाट दिली. आणि संध्याकाळी निघताना पार्किंगमध्ये चार पोरे तोल जात गाडीत बसताना पाहिली. चाकावर बसलेलाही त्यातलाच. सौभाग्यवती तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "आत सगळं छान होतं. पण आमच्या भावाचं पण सुरुवातीला छानच होतं." परतीच्या वाटेवर सिन्नरपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.

आता आमचे मत.

पहिली गोष्ट पिण्याची. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राज्यात केवढा वाद पेटला ते आपल्याला आठवत असेल. कुणी म्हणाले वाइन म्हणजे दारू नव्हे. आम्ही शेतकीचा डिप्लोमा केलेला माणूस, आम्हांला हे पटत नाही. बारा टक्के अल्कोहोल आहे तिथे अल्कोहोल आहे. द्राक्षाचे आहे म्हणून ते तुळशीचे पाणी होत नाही. पण त्याच वेळी वाइनरीकडे बोट दाखवून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला किती आहे, हेही तपासावे. उसाची मळी कुठे जाते? आसवनीत जाते. तिथल्या स्पिरिटापासून इथेनॉल होते आणि पेट्रोलात मिसळते, काही औषधांना आणि रसायनांना जाते, आणि काही बाटलीतही जाते. देशी दारूच्या बाटलीचे मूळ उसाच्याच शेतात आहे. तेव्हा "दारूचा कारखाना" म्हणून हसताना आपले अंगण आधी पाहावे. आम्ही पिण्याची शिफारस करीत नाही. ज्याच्या घरात या व्यसनाने माणूस गेला आहे, त्याच्या दुःखापुढे मानांकन आणि पर्यटन ही फार लहान गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट, भुलून जाऊ नये. काही तरुण सभासद विचारतात, "साहेब, ऊस मोडून वाइनची द्राक्षं लावू का?" त्यांना आम्ही २००८ नंतरची दोन-तीन वर्षे आठवायला सांगतो. जगात मंदी आली, वाइन टाक्यांत पडून राहिली, नव्या वाइनरींना पैसा पुरेना, आणि करार करून लावलेल्या बागांतला माल कोणी उचलेना. वाइनचे द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही. मणी लहान, साल जाड, बी मोठी. शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने बागा उपटल्या. उसाला निदान एफआरपीचा कायदेशीर आधार आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरवले, आणि ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. वाइनच्या द्राक्षाला असे काही नाही. कराराचा कागद आणि खरेदीदाराची तब्येत, एवढाच आधार. आणि सर्वांत मोठा फरक असा, की तिथे शेतकरी माल देणारा आहे, इथे शेतकरी मालक आहे. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने जो पाया पडला, तो याच एका तत्त्वावर पडला.

पण मालक आपल्या घरात कधी आत आलेला नाही, ही आमची तिसरी गोष्ट. आणि या लेखाचे खरे कारणही तेच.

वाइनरीवाले नुसती बाटली विकत नाहीत. ते शेत दाखवतात, यंत्र दाखवतात, माणूस समोर उभा करून समजावून सांगतात. परका माणूस पैसे मोजून ते पाहायला जातो. आपल्या कारखान्यात पाहण्यासारखे काय कमी आहे? गव्हाणीतून मोळ्या जाताना पाहाव्यात, गिरण्यांतून रस निघताना पाहावा, रस निवळून पाक होतो, पॅनमध्ये दाणा धरतो, सेंट्रिफ्यूगलमध्ये मळी सुटून पांढरी साखर खाली पडते. भुशावर बॉयलर चालतो, त्यावर वीज होते. हे सारे आपल्या शेअरच्या पैशांतून उभे राहिले. पण किती सभासदांच्या घरच्या बाया आत आल्या आहेत? पाचट अंगावर घेऊन ज्यांनी लागण केली, खुरपणी केली, खोडव्याला खत दिले, त्यांनी साखर पाहिली ती फक्त सवलतीच्या पोत्यातली. शेअर नवऱ्याच्या नावावर, सभेला नवरा, बिल नवऱ्याच्या खात्यावर. मग पोराला शेतीत राहा म्हणायचे कुणी?

चौथी गोष्ट अवघड आहे, आणि ती आम्ही आमच्या तोंडानेच सांगतो. ब्रिक्सची रेघ. वाइनरीला माल घालणाऱ्या एका बागायतदाराने आम्हांला सांगितले की ठरलेल्या ब्रिक्सखाली माल गेला की दर कापला जातो, म्हणून तो रोज सकाळी स्वतः मोजतो. आपल्याकडे दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. ज्याचा ऊस पक्व, स्वच्छ, पाचट-वाढ्यावाचून आला, त्यालाही तोच दर, आणि ज्याने कच्चा, मातीने भरलेला पाठवला त्यालाही तोच. मग तोड कशावर होते? लागण तारखेवर व्हावी, पक्वतेवर व्हावी, असे आम्ही दर वर्षी लिहितो. आणि होते ती पुष्कळदा ओळखीवर.

यंदाच्या हंगामात आम्ही स्वतः एका प्लॉटला पुढची तोड दिली. ब्रिक्स होता सतरा, शेंडा आणि बुडखा यांत बराच फरक, म्हणजे ऊस कच्चाच. वरून निरोप आला होता, आणि आम्ही तो मानला. त्याच शिवारात एका विधवा सभासद बाईंचा आडसाली ऊस उभा होता. ब्रिक्स एकवीस. तो मागे राहिला, तुरा आला, दशी पडली, वजन घटले. त्या बाईंनी ऑफिसात येऊन भांडण केले नाही. एवढेच म्हणाल्या, "साहेब, माझा नंबर लागायला माणूस नाही ना घरात." नाशकात त्या पोराने नळी धाकट्याच्या डोळ्याला लावली, तेव्हा आम्हांला हे वाक्य आठवले. त्या बाईंची आम्ही या पानावरून माफी मागतो. निरोप कुणाचा होता हे सांगून हात झटकायचे नाहीत. सही आमची होती.

पुण्याजवळच्या मांजरीला उसाची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आणि १९९७ साली सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही मांजरीलाच आहे. दोन्ही ठिकाणचे ज्ञान चांगले. पण द्राक्षवाल्याने ते बागेत आणले, आणि आपण ते पुस्तिकेत ठेवले, असे आम्हांला वाटते. म्हणून संचालक मंडळाकडे आणि आपणा सर्वांकडे आमच्या नम्र सूचना अशा :

एक. पुढच्या हंगामात महिन्यातून एक दिवस एकेका गटाच्या सभासदांना सहकुटुंब कारखाना आतून दाखवावा. स्त्रियांना आणि शाळेच्या मुलांना अगत्याने बोलवावे. गव्हाण आणि बॉयलरजवळ सुरक्षेचे नियम कडक पाळून, ठरलेल्या वाटेने, लहान तुकड्या करून न्यावे. समजावून सांगायला केमिस्ट, इंजिनिअर आणि आम्ही शेतकी खात्याची माणसे आहोतच. वेगळा खर्च चहाचा. फाटकावर धोतर-टोपीवाल्याला कुणी "कुणाला भेटायचंय?" असे विचारू नये. तो मालकाला भेटायला आलेला नाही, तो मालकच आहे.

दोन. ऑक्टोबरपासून प्रत्येक गटात प्लॉटनिहाय लागण तारीख आणि ब्रिक्स फळ्यावर लिहावा. मोजताना सभासद किंवा त्याच्या घरची बाई हजर असावी आणि रेघ त्यांनी स्वतः वाचावी. फळ्यावरच्या क्रमाने तोड व्हावी. क्रम बदलला तर कारण त्याच फळ्यावर लिहावे आणि खाली सही असावी. आमची असली तरी.

तीन. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडेल अशी वाहतुकीची आखणी व्हावी. द्राक्षवाला पहाटेचा गारवा सांभाळतो, आपण ट्रॅक्टर दोन-दोन दिवस अड्ड्यात उन्हात उभा ठेवतो. त्यात वजन जाते आणि साखरही जाते.

काही जण म्हणतील, अधिकाऱ्याने पगार घ्यावा आणि मुकाट्याने काम करावे, पत्रिकेत असले लिहू नये. त्यांच्या म्हणण्याला आम्ही मान देतो. पण ही पत्रिका सभासदांची आहे. तीत फक्त अभिनंदनाचे ठराव आणि वाढदिवसाचे फोटो छापायचे असतील, तर ती वाचायची कुणी?

असो. घरी आल्यावर थोरलीने वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला द्राक्षाची सगळी पायरी लिहिली. दुसऱ्या बाजूला 'ऊस' असे लिहून रकाना रिकामा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हा तुम्ही भरून द्या." सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "भरून कशाला द्यायचा? घेऊन जा तिला. आणि मला पण न्या. आमच्या माहेरचा ऊस याच कारखान्याला येतो."

हंगाम सुरू झाला की आम्ही त्यांना नेणारच आहोत, आप्पांसकट. परंतु अधिकाऱ्याच्या घरच्यांना मिळते ते साध्या सभासदाच्या घरच्यांनाही मिळावे, एवढ्यासाठी हा लेख. आपापले मत लेखी स्वरूपात गट ऑफिसात द्यावे, ही विनंती. बायामंडळींनी लिहिले तर ते आधी वाचू.